ला त्राव्हिआता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मित्रांना, नातेवाइकांना पकडून हा ऑपेरा दाखवायची मला सवय आहे. कधी पडद्यावर, कधी जमलंच तर प्रत्यक्ष. मध्यंतरात चहाच्या रांगेत जे प्रश्न येतात ते वर्षानुवर्षं तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. काहींची उत्तरं लांबली आहेत, काहींना एका ओळीत वाटेला लावलं आहे.

नावाचा अर्थ काय?

‘वाट चुकलेली’. हा शब्द ऑपेरात एकदाच ठळकपणे येतो, तिसऱ्या अंकात. नायिका मरायला टेकलेली असताना देवाला म्हणते, या वाट चुकलेलीच्या इच्छेकडे हसून बघ, तिला क्षमा कर. म्हणजे हे नाव लोकांनी तिला ठेवलेलं असलं, तरी आपण ते ऐकतो तिच्याच तोंडून. संगीतकार जुझेप्पे व्हेर्दी, संहिता फ्रान्चेस्को मारिया पियावे यांची, पहिला प्रयोग ६ मार्च १८५३, व्हेनिसचं ला फेनिचे नाट्यगृह. व्हेर्दीच्या मनात आधी ‘प्रेम आणि मृत्यू’ असं नाव होतं. बरं झालं बदललं.

गोष्ट थोडक्यात सांगाल?

पॅरिसमधली व्हिओलेत्ता व्हालेरी ही श्रीमंतांच्या पैशावर थाटात राहणारी बाई. तिला क्षय आहे, हे पहिल्याच अंकात कळतं. घरच्या मेजवानीत आल्फ्रेदो जेर्मों नावाचा तरुण तिला सांगतो, की मी वर्षभर लांबून तुझ्यावर प्रेम करतोय. ती हसण्यावारी नेते, मग विरघळते. दुसऱ्या अंकात दोघं पॅरिसबाहेर एका घरात सुखानं राहताहेत. आल्फ्रेदोचा बाप येतो, तिला बाजूला घेऊन समजावतो, आणि ती आल्फ्रेदोला काही न सांगता सोडून जाते. आल्फ्रेदो भर मेजवानीत तिचा अपमान करतो. तिसऱ्या अंकात सगळ्यांना सगळं कळतं आणि ती मरते.

असं सांगितलं की वाटतं, हे तर आपण शंभर सिनेमांत पाहिलंय. त्यात खोटं काही नाही. पण मी वर एक गोष्ट मुद्दाम सांगितली नाही, ती म्हणजे पैसे. या ऑपेरात सतत कुणीतरी पैसे मोजत असतं. गावाकडच्या त्या सुखी घराचा खर्च कोण करतंय, हा प्रश्न आल्फ्रेदोला तीन महिने पडत नाही. मोलकरीण आन्निना पॅरिसहून परत येते तेव्हा तिच्याकडून त्याला कळतं, की बाईसाहेब घोडे, गाड्या, सगळं विकायला काढताहेत आणि अजून हजार लुई हवेत. लुई म्हणजे सोन्याचं नाणं. मग हा खजील होऊन पॅरिसला धावतो, आणि नेमका तेवढ्या वेळात बाप घरी येतो. शोकांतिकेचं दार असं हिशेबाच्या वहीतून उघडतं.

हे खरंच घडलं होतं का?

बरंचसं. मारी द्युप्लेसी नावाची अशीच एक प्रसिद्ध बाई पॅरिसमध्ये होती. फेब्रुवारी १८४७ मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी ती क्षयानं गेली आणि कर्ज फेडायला तिच्या सामानाचा लिलाव झाला. तिच्याशी काही काळ संबंध असलेल्या धाकट्या अलेक्सांद्र द्युमानं १८४८ मध्ये तिच्यावर कादंबरी लिहिली, मग तिचं नाटक केलं. ते १८५२ मध्ये रंगभूमीवर आलं आणि वर्षभरात व्हेर्दीचा ऑपेरा तयार. मराठीत आज जिला आपण ‘ताज्या घटनेवर आधारित’ म्हणू, तशी ही गोष्ट. पहिल्या प्रेक्षकांतल्या अनेकांच्या वयाचीच होती मारी.

कादंबरीतली नायिका महिन्यातले पंचवीस दिवस पांढरी आणि पाच दिवस लाल कॅमेलियाची फुलं जवळ बाळगते. का, ते तुम्हीच ओळखा. ऑपेरात त्याचं नुसतं ‘हे फूल’ झालं. ते देताना व्हिओलेत्ता आल्फ्रेदोला सांगते, कोमेजलं की परत आणून दे. तो खुशीत विचारतो, म्हणजे उद्या?

पहिला प्रयोग पडला होता, हे खरं?

पडला. दुसऱ्या दिवशी व्हेर्दीनंच पत्रात लिहिलं, की त्राव्हिआता आपटली, चूक माझी की गायकांची, ते काळच ठरवील. मात्र ‘लोकांना संगीत कळलं नाही’ असं त्याचं सरसकट कारण देतात ते पटत नाही. पहिल्या अंकाला टाळ्या पडल्या होत्या, नायिका झालेल्या फॅनी साल्व्हिनी-दोनातेल्लीच्या गाण्यालाही. पुढे घोटाळा झाला. बाई अडतिशीच्या, अंगानं चांगल्याच भरलेल्या. शेवटच्या अंकात डॉक्टर सांगतो की क्षयानं खंगलेली ही थोडे तासच जगेल, आणि सभागृह हसलं. नायकाचा घसा बसलेला होता. बापाची भूमिका करणारे फेलिचे व्हारेसी म्हणजे व्हेर्दीच्या त्याच नावांच्या ऑपेरांतले पहिले मॅकबेथ आणि पहिले रिगोलेत्तो. या भूमिकेत आपल्याला फारसं काही नाही म्हणून ते नाराज.

शिवाय व्हेर्दीला गोष्ट त्याच्याच काळातल्या कपड्यांत हवी होती. व्हेनिसमध्ये ती मागे ढकलून १७०० च्या सुमाराची करायला लावली. प्रेक्षकांच्याच पोशाखातली बाई समोर मरणार, यातली धार त्या झुलपेदार विगांनी बोथट केली. ६ मे १८५४ रोजी व्हेनिसमध्येच, सान बेनेदेत्तो नाट्यगृहात, थोडे बदल करून आणि मारिया स्पेत्सियाला घेऊन तोच ऑपेरा पुन्हा लावला. तो धो धो चालला. कपडे मात्र तेव्हाही जुन्या काळातलेच होते.

म्हणजे आपल्या संगीत नाटकासारखंच ना?

लांबून. आपल्याकडे नट बोलतो, मग पद गातो. १८८० च्या ‘संगीत शाकुंतल’पासून तीच रीत. इथे बोलणंसुद्धा गाऊनच. आपला गायक पद फुलवतो, वन्स मोअर घेतो, तबलजीकडे बघून जागा वाढवतो. इथे पन्नास-साठ वादक कागदावरचं वाजवताहेत, त्यामुळे गायकाला मोकळीक फार थोडी. तरी ती घेतातच. पहिल्या अंकाच्या शेवटी ‘सेंप्रे लिबेरा’ या गाण्यात बऱ्याच गायिका जो उंच, भिंत चिरणारा स्वर लावतात, तो व्हेर्दीनं लिहिलेलाच नाही. प्रेक्षक मात्र त्याचीच वाट बघत बसलेले असतात. बालगंधर्वांच्या प्रेक्षकांना हे समजावून सांगायची गरज पडली नसती.

आणि माईक नाही. दोन हजारांच्या सभागृहातही उघडा गळा.

क्षयानं मरणारी बाई इतकं कसं गाईल?

हा प्रश्न डॉक्टर मित्र हमखास विचारतात, आणि जिंकल्यासारखं बघतात. ती खोकून दाखवत नाही, यातच व्हेर्दीचं कसब आहे. तिसऱ्या अंकाआधीचं वादन ऐका: व्हायोलिनं अगदी वरच्या पट्टीत, इतकी बारीक की श्वास लागल्यासारखी. हेच सूर ऑपेराच्या अगदी सुरुवातीलाही आहेत. पडदा उघडायच्या आधीच आपण तिचं मरण ऐकलेलं असतं, फक्त तेव्हा कळलेलं नसतं. मग ती आल्फ्रेदोच्या बापाचं पत्र वाचते. सगळं आयुष्य गाऊन बोललेली बाई इथे गायचं सोडते आणि हलक्या, सपाट आवाजात नुसतं वाचते. मागे व्हायोलिनवर आल्फ्रेदोचं पहिल्या भेटीतलं प्रेमाचं गाणं. पत्र संपतं आणि ती म्हणते, ‘ए तार्दी’, उशीर झाला. चांगल्या प्रयोगात हे दोन शब्द अंगावर येतात.

पुढच्या ‘आद्दीयो देल पास्सातो’ या गाण्याचा शेवटचा स्वर वरचा, पण दोऱ्याइतका बारीक लावायचा असतो. मोठ्यानं लावणं सोपं. खरी नायिका इथे ओळखू येते.

सगळ्यात महत्त्वाचा प्रवेश कोणता? ते दारूचं गाणं का?

‘लिबियामो’ सगळ्यांना माहीत असतं, लग्नाच्या बँडपर्यंत पोचलंय. छान आहे. पण माझ्या मते ऑपेरा उभा आहे तो दुसऱ्या अंकातल्या व्हिओलेत्ता आणि म्हाताऱ्या जेर्मोंच्या संवादावर. पंधरा-वीस मिनिटं दोन माणसं एका खोलीत बोलताहेत, बस.

तो ताठ्यात येतो: माझ्या पोराला नादी लावणारी ती तूच का? ती उठते आणि म्हणते, मी एक स्त्री आहे आणि माझ्या घरात आहे. तो चपापतो. पोराचा पैसा उडवतेस, असा त्याचा समज. ती कागद पुढे करते. उलट तीच सगळं विकते आहे. इथे खलनायक असता तर आरडाओरडा झाला असता. हा मऊ होतो. मला देवदूतासारखी मुलगी आहे, भाऊ असा राहिला तर तिचं ठरलेलं लग्न मोडेल, म्हणतो. मुंबईत बसून हे ऐकताना रंगमंचाच्या वर झळकणारं भाषांतर वाचावंही लागत नाही. ‘पोरीचं लग्न’ हा युक्तिवाद आपल्याकडे कुणाला समजावा लागतो? मग तो शेवटचं हत्यार काढतो: तुझं रूप ओसरेल, त्याचं मन उडेल, तुमच्या नात्याला देवाचा आशीर्वाद नाही, तेव्हा काय करशील?

आणि ती मान्य करते. त्या मुलीला सांगा, एक अभागी बाई तिच्यासाठी आपलं एकुलतं एक सुख सोडते आहे. मग ती त्याच्याकडे एक गोष्ट मागते: मुलीसारखं एकदा जवळ घ्या. सज्जनपणानं गळा आवळणं यापेक्षा स्वच्छ मी रंगभूमीवर पाहिलेलं नाही.

व्हेर्दीला हे कुठून सुचलं असेल याचा एक धागा आहे. तो तेव्हा जुझेप्पीना स्त्रेप्पोनी या गायिकेबरोबर लग्नाशिवाय राहत होता, आणि बुस्सेतो गावात कुजबुज चालू होती. जानेवारी १८५२ मध्ये त्यानं आपल्या दिवंगत पत्नीच्या वडिलांना, आन्तोनिओ बारेत्सींना, पत्र लिहिलं: माझ्या घरात एक स्त्री राहते, ती स्वतंत्र आहे, तिचा हिशेब मागायचा अधिकार कुणाला नाही. पुढच्याच वर्षी व्हिओलेत्ताच्या तोंडी ‘माझ्या घरात’. या दोन वाक्यांचा संबंध व्हेर्दीनं कुठे जोडून सांगितलेला नाही, पण मी तो मनातून काढू शकत नाही.

दिग्दर्शक असला विचित्र नेपथ्य का लावतात? आम्हाला झुंबरं बघायची होती.

झुंबरं बघायची असतील तर रिचर्ड एअरचं लंडनमधलं १९९४ चं मंचन बघा, किंवा झेफिरेल्लीचा १९८२ चा चित्रपट. भरपूर आहेत. पण विचित्र म्हणजे वाईटच असं नाही, तीन उदाहरणं देतो.

लुकीनो व्हिस्कोन्तीनं १९५५ मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात मारिया कालास या गायिकेला घेऊन ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला नेली. पहिल्या अंकाच्या शेवटी, पाहुणे गेल्यावर, कालासनं बूट झटकून भिरकावले. दिवसभर उभी राहिलेली कुठलीही बाई घरी येऊन करते तेच. टीकाकारांचा संताप झाला. शेवटच्या अंकात ती बाहेर जायला म्हणून कोट-टोपी घालते आणि तशीच मरते, डोळे उघडे. त्यावरही आरडाओरड. आज तेच प्रसंग लोक आख्यायिकेसारखे सांगतात.

व्हिली डेकरचं झाल्त्सबुर्गमधलं २००५ चं मंचन: वर्तुळाकार पांढरी भिंत, एक प्रचंड घड्याळ, आखूड लाल झगा घातलेली आन्ना नेत्रेब्को आणि काळ्या सुटांतला घोळका. कोरसमधल्या बायकाही पुरुषांच्याच वेशात. डॉक्टर ग्रेनव्हिल म्हातारा, मुकाट, पहिल्यापासून घड्याळाशी उभा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कपाळाला आठ्या घातल्या होत्या. शेवटच्या अंकात तो घोळका तसाच लाल झगा घातलेली दुसरी बाई मिरवत आणतो, आणि आठ्या गेल्या.

तिसरं, ला फेनिचेचं. हे नाट्यगृह १९९६ मध्ये जळून खाक झालं. परत उभं राहिल्यावर नोव्हेंबर २००४ मध्ये तिथला पहिला ऑपेरा कुठला लावला असेल? पडलेला तोच. रॉबर्ट कार्सननं गावाकडच्या प्रवेशात झाडांवरून पानांसारख्या नोटा गळताना दाखवल्या. मी वर पैशाचं पुराण लावलं ते उगाच नव्हे.

आणि पैसे फेकण्याचा प्रवेश?

मूळ सूचनेत आल्फ्रेदो पैशांची थैली तिच्या पायाशी फेकतो आणि ओरडतो, मी हिचे चुकते केले, तुम्ही सगळे साक्षी. हल्ली थैलीऐवजी नोटा, कारण त्या उडतात, पसरतात, अंगाला चिकटतात. खाली पडलेल्या नोटा पुढच्या अंकात पायाखाली येऊ नयेत म्हणून पडदा पडल्याबरोबर विंगेतून झाडू घेऊन माणसं धावतात. मी एकदा पाहिलेल्या प्रयोगात एक नोट राहिली. मरणशय्येवरच्या व्हिओलेत्ताच्या उशाशी ती पडून होती. ती चूक होती की दिग्दर्शन, यावर आम्ही घरी येईपर्यंत भांडलो.

पडद्यामागे काय काय चालतं?

सगळंच सांगत नाही. पहिल्या अंकात ‘शेजारच्या दालनात’ नाच चालू असतो, तिथे खरोखरच विंगेत वेगळा वाद्यवृंद वाजत असतो. त्यांना मुख्य वाद्यवृंदाचा संचालक दिसत नाही, म्हणून टीव्हीच्या पडद्यावर त्याचे हात बघायचे. आवाज लांबून यायला क्षणभर लागतो, म्हणून किंचित आधी वाजवायचं; विंगेत कानाला जे चुकीचं वाटतं तेच सभागृहात बरोबर पोचतं. ‘सेंप्रे लिबेरा’च्या मध्ये बाहेरून आल्फ्रेदोचा आवाज येतो, तोही तसाच, विंगेतल्या हार्पच्या साथीवर. ती एकटी ‘मी मोकळीच बरी’ म्हणून गात असताना हा आवाज तिला खरंच ऐकू येतो की मनात, हे दिग्दर्शकानं ठरवायचं. ग्लासांत शॅम्पेन नसते, हेही सांगून टाकतो.

इटालियन प्रेक्षक ओरडतात, हे खरं का?

ला स्कालाच्या सर्वांत वरच्या गॅलरीला लोज्जोने म्हणतात. आपल्या पिटातल्या दर्दी प्रेक्षकांचे ते मावसभाऊ. १९६४ मध्ये तिथे वाद्यवृंद-संचालक काराजान आणि दिग्दर्शक झेफिरेल्लीनं गायिका मिरेल्ला फ्रेनीला घेऊन त्राव्हिआता केली, आणि कालासच्या आठवणीत अडकलेल्या त्या लोकांनी एवढा गोंधळ घातला की पुढे १९९० पर्यंत ला स्कालात हा ऑपेरा झालाच नाही. सव्वीस वर्षं! २०१३ च्या मंचनात आल्फ्रेदो स्वयंपाकघरात कणीक मळतो, भाज्या चिरतो असं दाखवलं, तेव्हाही वरून शेरे आलेच.

इटालियन येत नाही. कळेल का?

कळेल. रंगमंचाच्या वर एका पट्टीवर भाषांतर झळकतं. ही सोय १९८३ मध्ये टोरांटोत सुरू झाली, आता सगळीकडे आहे. फक्त डोळे सतत वर लावून बसू नका. गोष्ट माहीत असेल तर निम्म्या ओळी सोडल्या तरी चालतं.

किती वेळ लागतो?

संगीत सव्वादोन तासांच्या आसपास, मध्यंतरं धरून तीन. काही गाण्यांची दुसरी कडवी आणि बाप-लेकाच्या एकेका गाण्याचा उत्तरार्ध अनेक ठिकाणी कापतात.

मुंबईत बघायला मिळतो का?

गंमत अशी, की मुंबईत ‘ऑपेरा हाऊस’ हा पत्ता सगळ्यांना ठाऊक, ऑपेरा फारच थोड्यांना. गिरगावातली ती इमारत १९११ ची. पुढे नाटकं, मग सिनेमे, मग बरीच वर्षं कुलूप, आणि २०१६ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा उघडली. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रातल्या जमशेद भाभा नाट्यगृहाला रंगमंचासमोर वादकांसाठी खड्डा आहे, आणि २००६ मध्ये सुरू झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियानं तिथे ‘तोस्का’, ‘मादामा बटरफ्लाय’सारखे ऑपेरा केले आहेत. शिवाय न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराची चित्रणं तिथे पडद्यावर दाखवली जातात. सुरुवातीला तेच बरं. तिकीट परवडतं आणि चेहरे जवळून दिसतात.

घरच्या ज्येष्ठांना न्यावं का? कंटाळतील?

मी मावशीला नेलं होतं. त्या बँकेतून निवृत्त, नाट्यसंगीत पाठ, ऑपेरा पहिलाच. पहिल्या अंकात त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. दुसऱ्या अंकात जेर्मों आला आणि त्या पुढे सरकून बसल्या. मध्यंतरात एकच वाक्य बोलल्या, “हा माणूस वाईट नाही, म्हणूनच याचा राग येतो.”

तिसऱ्या अंकात डॉक्टर व्हिओलेत्ताला सांगतो, लवकरच बऱ्या व्हाल. ती म्हणते, असलं दयेचं खोटं डॉक्टरांना माफ असतं. मग ती आन्निनाला विचारते, कपाटात किती आहेत? वीस लुई. त्यातले दहा गरिबांना देऊन ये. आन्निना म्हणते, मग फारच थोडे उरतील. व्हिओलेत्ता म्हणते, मला पुरतील तेवढे.

बाहेर कार्निव्हलचा गलका सुरू झाला. मावशींनी पर्समधून रुमाल काढला, पण डोळ्यांना लावला नाही, नुसता घडी करत राहिल्या.

“दहा,” त्या म्हणाल्या. “म्हणजे हिनंही हिशेब केलाय.”